वेगळं मडकं

३ जानेवारी, शुक्रवार

दादा आज परत ताटावरून उठले. भात अर्धा तसाच. हात धुऊन ओट्यावर जाऊन बसले. कारण काय — तर सगळ्यांच्या ताटात कोलंबी आणि अमितच्या ताटात फ्लॉवर.

सासरा एक हट्टी, नवरा दुसरा हट्टी. मधल्या मध्ये माझं मरण.

गणपतीनंतर अमितच्या कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली. कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणाले. तळलेलं कमी करा, चाला. एवढंच. पण हा मोबाईलवर काय काय बघत बसला आणि मटण, मासे, अंडी, दूध, दही, तूप — सगळं एका झटक्यात बंद. प्लांट-बेस्ड म्हणे. हे आईंना समजावताना मला घाम फुटला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे आता पाला खानार?"

आगरी घर हे. इथे आजारी माणसाला पण सुकटीचं पाणी पाजतात. अमित लहान असल्यापासून दादांनी स्वतःच्या ताटातला सगळ्यात चांगला तुकडा त्याला दिलाय. आता तो पोरगा ताट बाजूला सरकवतो. दादा त्याला काही बोलत नाहीत. मला ऐकू येईल असं आईंना बोलतात — "माजे घरान पावना येऊन बसलाय वाटतंय."

५ जानेवारी, रविवार

अमितने ओव्हन आणला! सांगितलं नाही, विचारलं नाही. रिक्षातून उतरवला आणि थेट वरच्या खोलीत नेऊन ठेवला. म्हटलं, किचन खाली आहे ना? म्हणाला, खाली प्लग नाही. खाली दोन प्लग आहेत. पण वाद कोण घालणार.

त्याने एक व्हिडिओ दाखवला. कोणी बाई रताळं भाजते, मधून फोडते, आत काळे राजमे आणि अव्होकाडो भरते. म्हटलं, आपल्या बेलवलीत अव्होकाडो तुझा काका विकतो का? हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

७ जानेवारी, मंगळवार

कामावरून येताना उल्हासनगरातून रताळी आणली. मी काम करते त्या दुकानाच्या शेठाणीने निघताना पिशवीत डोकावून बघितलं — "अरे, लाहोरी गजर!" सिंधीत रताळ्याला असं म्हणतात. मी उल्हासनगरातच वाढले, तरी दर वेळी ऐकून गंमत वाटते.

पहिला डाव फुकट गेला. टोचे मारायचे विसरले, एक रताळं आत फुटलं. सगळ्या जाळीवर चिकट पाक. बारीक होती ती कोळसा झाली, जाडी होती ती मध्ये कच्ची. वर खोलीभर जळक्या साखरेचा वास. आई जिन्यातून ओरडल्या, "काय पेटलंय गो?"

९ जानेवारी, गुरुवार

जमलं. एकसारखी, मनगटाएवढी रताळी निवडायची. धुवायची, सोलायची नाहीत. काट्याने टोचे मारून, वरून तेलाचा हात फिरवून ओव्हनमध्ये. सालीवर सुरकुत्या आल्या आणि पाक बाहेर यायला लागला की झाली. मग उभी चीर द्यायची, थोडा गर काढून त्यात वालाचं बिरडं, ओलं खोबरं, हिरवी मिरची, पातीचा लसूण, लिंबू. राजमे-बिजमे काही नको. परत पाच मिनिटं आत.

अमितने तीन खाल्ली. आईंना दिलं तर कडेकडेने चाखलं, मग पूर्ण संपवलं. "गोडावर तिखट, बरं लागतंय." दादांसाठी काढून ठेवलं होतं. बघितलं पण नाही.

पण एक गोष्ट डोक्यात राहिली. आई खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "खाली करत जा गो. वर धूर निघाला की माजे पोटान गोला येतो." मी म्हटलं, धूर नाही आई, वाफ आहे. त्यांनी मान हलवली. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. या घराला चूल एकच. आजपर्यंत.

माझ्या माहेरी एका मजल्यावर तीन भावांचे तीन गॅस होते. दिवाळीत पण फराळाची ताटली इकडून तिकडे जायची नाही. तिसऱ्या काकाची मुलगी आणि मी एका बाकावर शिकलो, पण तिच्या घरचा चहा मी कधी प्यायले नाही. इथे लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी आईंनी मला स्वतःच्या ताटात जेवायला घेतलं. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्यामुळे हे घर फुटणार नाही. लिहून ठेवते. नाही फुटणार.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ दादांना दिला. घेतला. अमितला दिला नाही त्यांनी, अमितने त्यांना दिला नाही. दोघांचे लाडू मीच खाल्ले.

१६ जानेवारी, गुरुवार

रविवारी पोपटी. दादांनी जाहीर केलं.

वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे दरवर्षी मळ्यात पोपटी लागते. मोठ्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, रताळी, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, वरून परत पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवतीने काटक्या, गवत पेटवायचं. सगळी भावकी येते. मडकं एकच. दादा लावणार, दादाच उघडणार, आणि सगळे त्यातलंच खाणार. कमळाकर काकांचं आणि दादांचं बांधावरून बोलणं बंद होतं तेव्हासुद्धा काका पोपटीला आले होते आणि खाऊन गेले होते. आई सांगतात.

या वर्षी अमित काय करणार? पोट दुखतंय सांगून घरी बसणार? तसं झालं तर दादा त्याला आयुष्यात माफ करणार नाहीत.

१८ जानेवारी, शनिवार

अमितशी बोलले. म्हटलं, त्याच मडक्यात एका बाजूला पाल्याचा जाड थर देऊन आपली भरलेली रताळी लावू. तो म्हणाला, "रस उतरतो. मी नाही खाणार." म्हटलं, मग नुसत्या शेंगा खा, कडेच्या. "त्याला पण वास लागतो." मग स्वतःच म्हणाला, "तू एक छोटं मडकं वेगळं लाव ना. बाजूला. कुणाला काय होतंय?"

मला ते बरं वाटलं नाही. म्हटलं, दादांना विचारलंस?

"विचारलं. काय बोलले नाहीत."

काही बोलले नाहीत म्हणजे हो. दादांचं तसंच असतं. नको असेल तर तेव्हाच भांडं आपटतात. मनावरचं ओझं उतरलं. निदान मळ्यात तरी बाप-लेक एका जागी बसतील. मडकी दोन असली तर असली.

कुंभाराकडून छोटं मडकं आणलं. रताळ्यांना चिरा देऊन आत ओले वाल ठेचून भरले, खोबरं, लसूण, ओवा. दोऱ्याने बांधली. बारा-पंधरा झाली असतील, जास्तच केली. म्हटलं कोणी तरी मागेल.

२० जानेवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज कामाला गेले नाही, ताप आहे सांगितलं.

काय झालं ते क्रमाने लिहिते.

आम्ही मळ्यात पोचलो तेव्हा दादांचं मडकं भरून, उपडं घालून तयार होतं. या वर्षी त्यांनी कुणालाच हात लावू दिला नाही म्हणे, सकाळपासून एकटेच लागले होते. मी माझं मडकं थोडं लांब लावलं, आंब्याखाली. अमितने काटक्या रचल्या आणि काडी ओढली. त्यानेच ओढली. दोन्ही जाळ एकदमच वर आले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कमळाकर काका उभे राहिले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाले, "जयदेव, तुजे घरान दोन चुली कवा झाल्या रं?"

सगळ्यांच्या माना आंब्याकडे वळल्या.  मला वाटलं दादा काही बोलतील — अरे, त्याचं पथ्य आहे, म्हणून. पण ते जाळाकडे बघत बसले. मी अमितकडे बघितलं. तो काटक्या सारत होता.

दादांनी मडक्यावर पाणी शिंपडून बघितलं, चर्र झालं तसा जाळ बाजूला केला. कागद पसरले आणि मडकं ओतलं. शेंगा, बटाटे, वांगी, रताळी. नुसता वाफेचा लोट. द्रौपदी आत्या पुढे झाल्या, काठीने ढिगारा सारखा केला, परत केला. "आनि कोंबरी? अंडी?"

दादा म्हणाले, "नाय घातली. अमित खात नाय ना."

देवा. त्या माणसाने आख्ख्या भावकीच्या पोपटीतून कोंबडी काढली. पोराने एका मडक्यातलं खावं म्हणून. त्यांच्या आयुष्यात असं झालेलं नाही. आणि पंधरा पावलांवर माझं मडकं जळतंय, वेगळ्या जाळावर, सगळ्यांसमोर.

दादांनी माझ्या मडक्याकडे एकदाच बघितलं. माझ्याकडे नाही, मडक्याकडे. मग उठले आणि बांधावरून घरी गेले. न खाता. आई त्यांच्या मागून. बाकीच्यांनी शेंगा खाल्ल्या. माझी रताळी कुणी मागितली नाहीत. अमितने दोन खाल्ली. म्हणाला, "मस्त झालीत."

मी धावत घरी आले. दादांच्या पाया पडले, म्हटलं, दादा, मला माहीत नव्हतं, आई शपथ. ते म्हणाले, "उठ. तुजा काय दोस नाय." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळी दादांनी आईंकरवी निरोप दिला. समोर असून निरोप! वरचा मजला तुमचा. चूल तुमची तुम्हाला. रविवारी कमळाकर काका येतील, भांडी वाटू.

मी आईंचा हात धरून रडले. आई म्हणाल्या, "चार लोकांम्होरं पेटली ना ती. आता ते ऐकाचे नाय."

अमितला म्हटलं, जा, बोल त्यांच्याशी, पाय धर. तो म्हणाला, "त्यांनी ठरवलंय तर मी काय बोलू?" चेहरा पडलेला होता. मला वाटलं लाजेने पडलाय. त्याला जवळ घेतलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

शेवटचा प्रयत्न. रताळी भाजली — खाली, आईंच्या चुलीत, राखेत. सारण दादांच्या आवडीचं, ओले वाल आणि गरम मसाला. ताटलीत घालून ओट्यावर नेली. म्हटलं, दादा, एक खा. माझ्यासाठी नको, आईंसाठी खा.

"ठेव तिकरं."

संध्याकाळी बघितलं, ताटली तिथेच. रताळी कडक झालेली, मुंग्या लागलेल्या.

२६ जानेवारी, रविवार

भांडी वाटली. कमळाकर काका खुर्चीवर, पंचासारखे. दादा बाहेर. आईंनी एकेक भांडं काढून समोर ठेवलं. मोठा तवा मला, लहान त्यांना. म्हटलं, आई, आम्हा दोघांच्या भाकऱ्यांना लहान तवा पुरेल, आणि मोठा तुमच्या हातात बसलाय, तो ठेवा. त्यांनी ऐकलं नाही.

मला बोलायचं होतं, काका, हे सगळं थांबवा. पण मला कोण विचारतंय. जिच्या मडक्यावरून झालं तिने गप्प बसावं.

२ फेब्रुवारी, रविवार

बाजारात द्रौपदी आत्या दिसल्या. बरोबर अजून दोघी. मी पुढे गेल्यावर मागून ऐकू आलं — "हीच ती. रताल्यांनी घर फोरलं." मी मेथी घेत होते. दोन जुड्या घेऊन पैसे देऊन विसरून तिथेच ठेवून आले.

हे आता कायमचं. अमित कुणाच्या तोंडात नाही. दादा नाहीत. माझ्या लग्नाआधी हे घर एक होतं, माझ्या हाताने दोन झालं, एवढंच लोक सांगणार. ज्या माहेराच्या भीतीने मी इतकी वर्षं जपून वागले, तेच इथे आणून बसवलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

वर एकटीला जेवण जात नाही. अमित कंपनीत. खालून आईंच्या भाकरीचा आवाज येतो, थाप थाप.

दुपारी वाटीत थोडी भाजी घालून खाली दिली. आईंनी वाटी परत पाठवली, धुऊन, आत साखर घालून. रिकामं भांडं परत देत नाहीत. शेजारणीचं.

वाटी हातात धरून बसले होते. 

८ फेब्रुवारी, शनिवार

अमित खूश असतो. शिट्टी वाजवत दाढी करतो. वरच्या खोलीला रंग द्यायचा म्हणतो, निळसर. मी म्हटलं, तुला काहीच वाटत नाही का रे? म्हणाला, "वाटतं ना. पण आता झालंय तर रडून काय करू?"

असेल. पुरुष असे दाखवत नसतील.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शांतपणे लिहायचं ठरवलंय. बघू किती जमतं.

अमित आज लवकर आला. हातात पिशवी, खालून थेंब गळतायत. वर आणून गॅसशेजारी ठेवली. उघडून बघते तर बोंबील. ताजे, लुसलुशीत, किलोभर तरी. मला वाटलं खाली द्यायला आणले, समेट करायला. इतका आनंद झाला मला! म्हटलं, आईंना बोलावू? तो म्हणाला, "कशाला? आपल्याला. रवा लावून कर, कडक."

म्हटलं, आणि तुझं ते?

"काय ते?"

प्लांट-बेस्ड.

तो हसला. खुर्चीवर बसून बूट काढत म्हणाला, "अगं, किती दिवस पाला खाणार माणूस?"

मी तशीच उभी. त्याला वाटलं असेल मी पण हसेन. मग तो बोलायला लागला, आणि बोलतच गेला, जणू मला ऐकून बरं वाटणार आहे. सुरुवातीला खरंच होतं म्हणे, रिपोर्टला घाबरला होता. मग बघितलं की दादा ताटावरून उठतात, तेव्हा डोक्यात आलं. "बत्तीस वर्षांचा झालो. पंखा कुठला घ्यायचा ते दादा ठरवणार, सुट्टीला कुठे जायचं ते दादा ठरवणार. मला वेगळं व्हायचं होतं. पण मुलाने चूल मागितली की भावकी थुंकते तोंडावर. त्यांच्या तोंडून यायला पाहिजे होतं. आलं."

म्हटलं, ओव्हन वर का ठेवलास?

तो मोजे काढायला लागला.

म्हटलं, वेगळं मडकं लावायला दादा खरंच काही बोलले नव्हते?

तेव्हा त्याने बूट बाजूला सारले. मग म्हणाला, "पोपटीच्या आदल्या शुक्रवारीच बोलले होते. कोंबडी घालत नाही, सगळ्यांबरोबर येऊन बस म्हणाले. तेव्हा म्हटलं, आता नाही तर कधीच नाही."

म्हणजे त्याला माहीत होतं. दादांनी त्याच्यासाठी कोंबडी काढली हे त्याला माहीत होतं, आणि तरी त्याने मला मडकं आणायला पाठवलं. मी रात्री बसून रताळ्यांना दोरे बांधत होते आणि हा बाजूला मोबाईल बघत होता. भावकीसमोर माझा जाळ. बाजारात माझं नाव. आईंच्या वाटीत साखर.

म्हटलं, आणि माझं काय?

"तुझं काय? तू पण सुटलीस की."

सुटले! या माणसाबरोबर पाच वर्षं मी एका पलंगावर झोपले आणि मला काय नको होतं हे त्याला कधी कळलंच नाही. की कळत होतं, आणि चाललं? यातलं वाईट कुठलं ते मला ठरवता येत नाही.

बोंबलांना मी हात लावला नाही. त्यानेच धुतले, त्यानेच तळले. खालपर्यंत वास गेला असेल. आई काय समजायचं ते समजल्या असतील. दादा पण.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मोठा तवा आणि माझं एकटीचं ताट घेऊन खाली गेले. तवा आईंच्या चुलीवर ठेवला आणि पीठ मळायला बसले.  भाकरी झाल्यावर दादा म्हणाले, "आनि तो?"

म्हटलं, "तो वर जेवेल. त्याची चूल वेगळी आहे."